आपत्काळी आप्तांची काळजी आणि संबंधत्याग

ब्रह्मविद्याशास्त्राच्या आचार प्रकरणात साधकास तीन संबंध सोडावयास सांगितले आहेत : आपल्या देशाचा, आपल्या गावाचा आणि आपल्या संबंधियांचा. त्यातही संबंधियांचा संबंध विशेषेकरून सोडावा, असा त्या निरूपणाचा कटाक्ष आहे. अनुसरण घेतलेल्या प्रत्येक भिक्षुकाच्या आणि तपस्विनीच्या नित्य पाठात हा विषय असतो. परंतु पाठात असलेला विचार प्रसंग ओढवला असता मनात स्थिर राहतोच असे नाही. नदीने पात्र सोडले आहे, पूर्वाश्रमीचे गाव पाण्याने वेढले आहे, त्या गावात वृद्ध आई आहे, अशी वार्ता आश्रमात आली असता साधकाच्या मनाची जी कालवाकालव होते, तिला काय म्हणावे? ती मोह आहे काय? ती दाबून टाकावी काय? आणि ज्या वासनिकाने संसार सोडलेला नाही, त्याने अशा वेळी कसे वागावे? या प्रश्नांचा अल्पमतीप्रमाणे येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्न केवळ तर्काचा नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व अंगाने वर्धा आणि दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. पूस, अरुणावती, अडाण या नद्या पैनगंगेस मिळतात. बेंबळा आणि निर्गुडा वर्धेस मिळतात. जमीन बहुतांशी काळी. ती एकदा तृप्त झाली की पुढील पाऊस पोटात घेत नाही, आणि उन्हाळ्यात कोरडा असलेला नाला प्रहरभरात माणूस वाहून नेईल इतका चढतो. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात हेच घडले. यवतमाळ नगरापासून महागाव तालुक्यापर्यंत अतिवृष्टीने हाहाकार झाला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला. लोकांस सोडविण्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे धाडण्यात आली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कामास लागले. प्रथम आलेल्या वार्तेत पंचेचाळीस जण अडकल्याचे सांगितले होते. पुढील वार्तांत तो आकडा शंभराहून अधिक झाला. अखेरीस लोक सुखरूप बाहेर निघाले. परंतु त्या मधल्या काही घटका, ज्यांची माणसे तांड्यात होती आणि जे स्वतः पुण्या-मुंबईस किंवा अन्यत्र होते, त्यांनी कशा काढल्या असतील, याची कल्पना सहज करता येईल.

या मधल्या घटकांचाच हा विचार आहे. आपत्ती ज्याच्या अंगावर आली, त्यास चिंता करावयास सवड नसते. तो लेकरास खांद्यावर घेतो आणि उंचवट्याकडे धावतो. चिंता असते ती दूर असलेल्यास. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री शेकडो कोसांवरील खेड्यांतून मायबाप दूरध्वनीजवळ बसून राहिले आणि पलीकडून उत्तर येत नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र संपत असता, किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हाही त्या भागातून बाहेरगावी गेलेल्यांस आपले घर उभे आहे की नाही, हे गावी पोहोचल्यावाचून कळले नाही.

आता चिंतेचे स्वरूप पाहू. आपल्या मराठीत एक सूक्ष्म विवेक सहजगत्या होऊन गेला आहे, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. आपण ‘काळजी करणे’ असे म्हणतो, आणि ‘काळजी घेणे’ असेही म्हणतो. शब्द एकच, क्रियापद निराळे. परंतु तेवढ्याने अर्थाची दिशा पालटते. काळजी करणारा आपल्या मनाशी काही करीत असतो. काळजी घेणारा दुसऱ्याकरिता काही करीत असतो. पहिलीचा आश्रय स्वतःचे चित्त होय, दुसरीचा आश्रय दुसऱ्याचे हित होय. पहिली अंगणात येरझारा घालते, दुसरी शेजारच्या म्हातारीस हात धरून शाळेच्या इमारतीत नेऊन बसविते. पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणी प्रेमच दिसते, आणि उगम पाहिला तर दोन्हींचा उगमही पुष्कळदा एकच असतो. परंतु पुढे जाऊन एकीतून क्लेश निपजतो आणि दुसरीतून रक्षण.

काळजी करण्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली ममत्व : हे माझे आहे, ते जाऊ नये. दुसरी असहायता : मला तेथे काही करता येत नाही. तिसरी कल्पना : जे ठाऊक नाही ते मन स्वतःच रचते आणि नेहमी वाईटच रचते. पंचेचाळीसचा आकडा शंभरावर गेला, हे ऐकून दूर असलेल्याच्या मनात पाणीही तितकेच वाढते. वस्तुतः पाणी तेवढेच असते, गणती मात्र अधिक नीट झालेली असते. या तिहींपैकी ममत्व हे मूळ, असहायता हे निमित्त आणि कल्पना ही वृद्धी होय.

ही काळजी निष्फळ राहते एवढेच असते तर तिची उपेक्षा करता आली असती. परंतु ती घातकही होते. पाण्यात अडकलेल्या एकाच माणसास दहा नातेवाईक पुनःपुन्हा मोबाईल लावतात. त्यांचे समाधान होते, पण त्याच्या मोबाईलमधील वीज संपते आणि बचाव पथकास ठिकाण सांगण्याचे त्याचे साधन नाहीसे होते. कोणी ऐकीव वार्ता खरी मानून पुढे पाठवितो आणि जेथे संकट नाही तेथे धावपळ उडते. आणि सर्वांत मोठा घात म्हणजे घरी पोहोचण्याच्या ओढीने माणूस वाहत्या पाण्यात पाय घालतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असता एस.टी. बस वाहून गेली आणि मनुष्यहानी झाली, हे या जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. वेगाने वाहणारे घोट्याच्या वर आलेले पाणीही धडधाकट माणसाचा तोल घालविते, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी उचलते. पुलावर पाणी असता ‘घरी लेकरे वाट पाहत आहेत’ असे म्हणून जो पुढे जातो, तो त्या लेकरांचाच आधार पणास लावतो. येथे काळजी करणे हे काळजी घेण्याच्या सरळ विरुद्ध जाऊन उभे राहते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, गृहस्थाचे हे ठीक आहे. परंतु ज्याने संबंधियांचा संबंध सोडला, त्याला या दोहोंपैकी कोणतीही काळजी कशी शोभेल? त्याने तर वार्ता ऐकून न ऐकल्यासारखे करावे आणि आपल्या विजनात व स्मरणात राहावे.

यावर समाधान असे. त्याग सांगितला आहे तो संबंधाचा, करुणेचा नव्हे. संबंध म्हणजे ‘हे माझे’ असा दावा. त्या दाव्यामुळे चित्त परमेश्वराकडून निघून एका घराच्या उंबऱ्याशी बांधले जाते, म्हणून तो त्याज्य. परंतु दावा सोडल्यावर माणूस दगड होतो असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही. सर्वज्ञांच्या चरित्रातील सशाची लीळा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास देता येत नाही, हे स्वामींनी त्यांस समजाविले आणि त्यांचे मन हिंसेपासून परतविले. मग भय सरल्यावर त्या सशास त्यांनी मोकळे केले. या लीळेत दोन गोष्टी पाहाव्या. ससा स्वामींचा कोणी संबंधी नव्हता, तरी त्यास आश्रय मिळाला. आणि आश्रय दिला म्हणून तो स्वामींचा झाला नाही; वेळ टळताच तो आपल्या वाटेने गेला. आश्रय आहे आणि ममत्व नाही, अशी ही स्थिती. संबंधत्यागाचा अर्थ या लीळेच्या उजेडात लावावा.

यावरून साधकासाठी एक कसोटी निघते. पूर्वाश्रमीच्या गावास पूर आला असता जावेसे वाटते. त्या वेळी मनास विचारावे, ‘माझे घर कोरडे असते आणि पलीकडचे बुडत असते, तरी मी निघालो असतो काय?’ उत्तर होकारार्थी असेल तर महंतांची आज्ञा घेऊन जावे, आणि गेल्यावर सर्व घरांचे करावे. त्यात आपले पूर्वीचे घरही येईलच. उत्तर नकारार्थी असेल तर आपणास ओढणारे गाव नव्हे, उंबरा आहे, हे ओळखावे. मग काय करावे? तेव्हाही आई बुडो असे कोणी म्हणत नाही. तालुक्यास कळवावे, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर वार्ता द्यावी. परंतु ती आईच्या घराची नव्हे, त्या वस्तीतील सर्व अडकलेल्यांची द्यावी. ज्याला जाता येत नाही त्याच्या हातूनही एवढे होते. आणि असे करता करता ममत्वाचीच व्याप्ती वाढत जाऊन ते विरते, असा अनुभव येण्याजोगा आहे.

याला आणखी एक आधार आहे. आपल्या पंथात भिक्षा एका घरची नसते. सर्वज्ञांनी चारही वर्णांच्या घरी भिक्षा घेण्यास सांगून आपला पोशिंदा एक कोणी राहू दिला नाही. ज्याच्या झोळीत वाड्यातील भाकर आणि तांड्यावरील भाकर एकत्र पडली, त्याला ‘माझ्या घरचे’ असे म्हणण्यास एक घर उरत नाही. परंतु ज्यांच्या अन्नावर देह उभा आहे अशी शेकडो घरे असतात. संबंधत्यागाने एक घर सुटते. त्यामुळे बाकीच्या घरांविषयी उदासीन होण्याचा अधिकार मात्र मिळत नाही.

उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. काही साधकांस आपल्या कोरडेपणाचा अभिमान होतो. घरून कोणी रडत आले तर ‘आमचा काय संबंध’ असे म्हणण्यात त्यांस वैराग्य वाटते. हे वैराग्य नव्हे. ज्याने खरोखर सोडले त्याला ते सोडल्याचे दुसऱ्यास ऐकवावे लागत नाही. पूर ओसरल्यावर भेटीस आलेल्या वृद्ध मातेस एक शब्द धीराचा दिला असता आचार भंगत नाही; आणि न दिला तर तिच्या मनात पंथाविषयीच विकल्प येतो. दुसऱ्याच्या चित्तात विकल्प उपजविणे हा लहान दोष नाही.

दुसरी शंका अशी. सर्व सुखदुःख हे कर्माचे फळ आहे. कर्मरहाटी फिरते आहे आणि देवता आपापल्या अधिकाराप्रमाणे फळ देत आहेत. मग पुरात सापडलेल्याचे रक्षण करू पाहणे म्हणजे फळाच्या आड येणे नव्हे काय? आणि काळजी तरी कशास हवी?

याचे समाधान असे की, कर्मफलाचा विचार आपल्या स्वतःच्या दुःखास धीर यावा म्हणून आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नाही. ३० जुलै १९९१ रोजी याच वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात २०४ जीव नेले. त्यांत तान्ही मुले होती. कोणाचे कोणते कर्म फळास आले, हे जाणण्याचे ज्ञान तुम्हा-आम्हांपाशी नाही. जे ज्ञान आपल्यापाशी नाही त्याच्या बळावर, पाण्यात माणूस गटांगळ्या खात असता काठावर उभे राहून ‘त्याचे कर्म’ असे म्हणणे, ही शास्त्रनिष्ठा नव्हे. ही हिंसेची एक सौम्य दिसणारी जात आहे. शिवाय, पुरात सापडणे हे फळ असेल, तर त्याच वेळी तेथे दोर घेऊन कोणी पोहोचणे हेही त्या जीवाचे फळ का नसावे? आपण दोर घेऊन जावे. फळाचा हिशोब ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहू द्यावा. भगवान श्रीकृष्णांनी इंद्राच्या पावसापासून गोकुळ राखले, तेव्हा गोवर्धनाखाली नंदाचे घर तेवढे घेतले नव्हते. गोप, गोपी, गायी, वासरे सर्वांस सात दिवस तेथे जागा होती. कोणाचे कर्म कसे, अशी विचारपूस करून कोणास बाहेर ठेवल्याचे त्या कथेत नाही.

आता वासनिकांविषयी. गृहस्थाने संबंध सोडलेला नाही. त्याच्याकडे मायबाप, लेकरे, गुरेढोरे यांचा भार आहे आणि तो त्याने वाहिला पाहिजे. त्याला ‘चिंता करू नकोस’ असे नुसते सांगणे व्यर्थ आहे. त्यास असे सांगावे की, काळजी घेण्याची वेळ काळजी करण्याच्या वेळेच्या आधी येते. मृगापूर्वी घराचे छप्पर पाहावे. घराची कागदपत्रे, औषधे, दोन दिवसांचे कोरडे अन्न एका पिशवीत बांधून उंच ठेवावे. रात्री पाणी चढले तर घरातील म्हातारे माणूस कोणी उचलावयाचे, लेकरू कोणी घ्यावयाचे, गाईचे दावे कोणी सोडावयाचे, हे दिवसा ठरवावे. हवामान विभागाचा इशारा रंगाने येतो : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा, हा भेद घरातील सर्वांस ठाऊक असावा. पैनगंगेच्या काठच्या गावांनी इसापूर धरणातून पाणी सोडण्याच्या सूचनेकडे कान ठेवावा. निंदणास गेलेल्या बायांनी आणि गुराख्यांनी वीज कडाडू लागताच झाडाखाली उभे राहू नये. विजेची पूर्वसूचना देणारी ‘दामिनी’ ही सोय पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने मोबाईलवर करून दिली आहे, ती घरातील तरुणांनी वापरावी. आणि जे दूर आहेत त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवावे की, संकटात घरातून एकानेच एकास ‘सुखरूप’ एवढे कळवावे, आणि त्याने ते इतरांस सांगावे. एवढ्याने दहा जणांची रात्र निभते.

इशाऱ्यासंबंधी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले असता आचार्य श्रीनागदेवांनी त्यांस आवरले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकल्या असत्या. ही सर्वत्याग केलेल्या पुरुषाची काळजी आहे. त्या म्हाताऱ्या त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या. परंतु ज्ञान आहे आणि ते यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांस सहन होत नव्हते. आज मोबाईलवर आलेला लाल इशारा तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्या आजीस वाचता येत नाही. तिच्याकडे यंत्र असले तरी चष्मा नसतो. जो तिच्या झोपडीपर्यंत चालत जाऊन तिच्या बोलीत तिला ‘आज रात्री येथे निजू नकोस’ असे सांगतो, तो आचार्यांच्याच वाटेने चालतो.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. सर्व काही केले. घर सावरले, कळविण्याजोगे तेथे कळविले, जाण्याजोगे तेथे गेलो. तरीही पलीकडून उत्तर येत नाही आणि पाऊस थांबत नाही. त्या घटकेस काय? तेव्हा जी काळजी उरते ती करण्याचीच असते, घेण्यास काही उरलेले नसते. ती उरली म्हणून स्वतःस दोष देऊ नये. देह आहे, स्मृती आहे, म्हणून तिचा उद्भव होणारच. मनाला ती नको म्हणून सांगितल्याने ती जात नाही. तिला स्थान मात्र पालटून द्यावे. मन जे चित्र रचीत असते, बुडालेले घर, वाहून गेलेले लेकरू, ते चित्र असत्य असण्याचा संभव आहे. त्याच्यापाशी बसू नये. परमेश्वराचे नाम, त्याच्या लीळा, त्याच्या मूर्ती यांचे स्मरण करावे. ते स्मरण पाणी उतरावे म्हणून नवस बोलण्यासारखे नसावे; तसे केले तर परमेश्वरास आपण देवतेच्या पायरीस आणतो. ते स्मरण अशासाठी की, उत्तर येईल तेव्हा, मग ते कसेही असो, ते ऐकावयास आपले चित्त ठिकाणावर असावे. शुभवार्ता आली तर गर्वाने नव्हे, आणि अशुभ आली तर कोसळून न जाता, त्या घरापाशी उभे राहण्याचे सामर्थ्य आपल्या अंगी उरावे. अशा वेळी डोळ्यांस पाणी आले तर तेही येऊ द्यावे. अश्रूंनी आचार बिघडत नाही.

तात्पर्य, भिक्षुकाने ‘माझे’ हा शब्द टाकावा आणि काळजी घेणे टाकू नये. वासनिकाने आपल्या माणसांची काळजी वेळेत घ्यावी आणि तीच पुढे शेजाऱ्यापर्यंत, तांड्यापर्यंत वाढवावी. एकाचा मार्ग सोडण्याचा आहे, दुसऱ्याचा वाढविण्याचा. परंतु पुराच्या रात्री दोघांनाही एकाच शाळेच्या ओसरीवर, भिजलेल्या माणसांस कोरडे वस्त्र देताना पाहावयास मिळावे, अशी अपेक्षा आहे. पुढील मृगापूर्वी प्रत्येक आश्रमाने आपल्या परिसरातील एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण, त्यांची झोपडी नाल्यापासून किती दूर, याची एक यादी करून ठेवली, तर या लेखाचे सार्थक झाले असे वाटेल.

दंडवत प्रणाम.